कार्ड उडालेलं नसतं

संगणकाच्या पडद्यावर येणाऱ्या एका सूचनेची मला मनापासून चीड आहे. मेमरी कार्ड आत सरकवलं की कधीकधी एक छोटी चौकट उघडते आणि म्हणते, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणं असतात आणि त्यातलं पहिलं फॉरमॅटचं. कार्डात मुलीच्या बारशाचे फोटो असलेल्या माणसाने या प्रश्नाचं काय करायचं? तो घाबरतो. संगणक सांगतोय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून चालतो आणि कित्येकदा पहिलं बटण दाबून मोकळा होतो.

त्या चौकटीचा खरा अर्थ एवढाच असतो की या कार्डावरची मांडणी या संगणकाला वाचता आली नाही. कार्ड बिघडलंय असं त्यात कुठेही सिद्ध झालेलं नसतं. न समजल्याची कबुली द्यायच्या जागी तो संगणक समोरच्याची पाटी पुसायला निघतो. सूचना लिहिणाऱ्याने एक वाक्य जरी जोडलं असतं की आतली माहिती शाबूत असू शकते, आधी दुसऱ्या मशीनवर लावून बघा, तरी किती घरांतले फोटो वाचले असते.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत आयटी सपोर्टचं काम करते आणि चरईत राहते. त्यामुळे बिल्डिंगमधली, आळीतली, ओळखीतून आलेली माणसं संध्याकाळी कार्ड घेऊन येतात. आल्याआल्या निदान ठरलेलं असतं. ‘ताई, कार्ड उडालं.’ किंवा, ‘करप्ट झालंय म्हणे.’ हे ‘म्हणे’ कुणाचं, ते विचारलं तर भाचा, मुलगा, दुकानातला माणूस, असं कुणीतरी असतं. आणि इतकी कार्डं हाताळल्यावर मी एवढं नक्की सांगू शकते की यातली बरीच उडालेली नसतात. कार्ड, ते संगणकाला जोडणारा रीडर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि फाइल सिस्टिम, म्हणजे कार्डावर फाइली मांडायची पद्धत, ही चार मंडळी वेगवेगळ्या वर्षी जन्मलेली असतात, आणि त्यातल्या दोघांची एकमेकांशी ओळखच झालेली नसते.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचं कार्ड हे त्याचं अगदी नमुनेदार उदाहरण. काका निवृत्तीनंतर पक्ष्यांच्या फोटोंकडे वळले होते. थंडी सुरू झाली की त्यांचे ठाण्याच्या खाडीकडे फेरे सुरू व्हायचे, कधी कोपरीकडून, कधी पलीकडे ऐरोलीला. खाडीचा तो पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला, तेव्हा काकांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले होते. ते गेले. कॅमेरा भाच्याकडे गेला आणि कार्ड काकूंकडे राहिलं, औषधाच्या बाटलीतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुडीसकट एका छोट्या झिप पाऊचमध्ये. पाऊचवर बॉलपेनने लिहिलेलं होतं, ‘खाडी, फेब्रु.’

काकू म्हणाल्या, ‘अगं, दोन ठिकाणी लावून बघितलं. एकीकडे काहीच दिसत नाही आणि दुसरीकडे फॉरमॅट कर म्हणतंय. भाचा म्हणाला, गेलं. तू एकदा बघतेस का?’

त्यांच्या या एका वाक्यात सगळं निदान होतं. दोन ठिकाणी दोन वेगळी लक्षणं. कार्ड खरोखर मेलेलं असतं तर ते दोन्हीकडे सारखंच मेलेलं दिसलं असतं. पहिलं ठिकाण म्हणजे काकांच्या जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूला बसवलेला रीडर, फ्लॉपीच्या खाचेत बसायचे तसा, पाच-सहा आकारांची भोकं असलेला. दुसरं ठिकाण म्हणजे त्याच डेस्कटॉपला लावलेला, नंतर कधीतरी घेतलेला यूएसबी रीडर. मशीनवर विंडोज एक्सपी. काकांनी ती कधी बदलली नव्हती, कारण त्यांचं स्कॅनर तिच्यावरच चालायचं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये काढून घेतला, पण घरातलं मशीन काही त्या दिवशी बंद पडत नाही.

आता त्या दोन लक्षणांमागचं कारण. एसडी कार्ड १९९९ मध्ये पॅनासॉनिक, तोशिबा आणि सॅनडिस्क या तिघांनी मिळून आणलं. पहिल्या पिढीत कार्डाला एखादी जागा मागायची तर ती बाइटच्या हिशेबाने मागायची पद्धत होती. क्षमता दोन जीबीच्या पुढे जायला लागली तसा तो हिशेब अपुरा पडला, म्हणून २००६ मध्ये एसडीएचसी आलं आणि त्यात जागा मागायची ती ५१२ बाइटच्या ठोकळ्याच्या हिशेबाने. ही मर्यादा ३२ जीबीपर्यंत. मग २००९ मध्ये एसडीएक्ससी, दोन टीबीपर्यंत. २०१८ मध्ये एसडीयूसी, १२८ टीबीपर्यंत. आणि या सगळ्या काळात कार्डाचा बाहेरचा आकार तसाच्या तसा राहिला! तीच लांबी, तीच रुंदी, तोच कापलेला कोपरा. नवं कार्ड जुन्या खाचेत सहज जातं, क्लिक होतं आणि माणसाला वाटतं, बसलं म्हणजे चाललं पाहिजे.

नव्या पिढीचं कार्ड सुरू होताना रीडरकडून एका विशिष्ट विचारणेची वाट बघतं. ‘मी मोठ्या क्षमतेची कार्डं चालवू शकतो’ असं रीडरने आधी सांगावं लागतं. जुन्या रीडरला हा प्रश्नच माहीत नसतो, तो विचारत नाही, आणि कार्ड तयार झाल्याचा निरोप देत नाही. रीडर थोडा वेळ थांबतो आणि खाच रिकामी आहे असं संगणकाला कळवतो. काकूंच्या पहिल्या रीडरमध्ये ‘काहीच दिसत नाही’ ते यामुळे. हा दोष विंडोजचा नाही, ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते उपकरण चालवायला शिकवणारा प्रोग्रॅम, बदलून किंवा अपडेट टाकूनही तो सहसा जात नाही, कारण अडचण रीडरच्या चिपमध्ये असते. इथे लोक दिवसच्या दिवस घालवतात, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकतात, आणि उपाय असतो दोन-तीनशे रुपयांचा नवा रीडर.

दुसऱ्या रीडरला कार्ड कळलं होतं. ते ६४ जीबीचं होतं. तिथे अडलं ते एक पायरी वर. ३२ जीबीच्या पुढच्या कार्डांसाठी एसडीच्या नियमांत एक्सफॅट ही फाइल सिस्टिम ठरवलेली आहे. ती मायक्रोसॉफ्टची, २००६ मधली. एक्सपीला ती मुळात येत नाही, २००९ च्या सुरुवातीला त्यासाठी एक वेगळा अपडेट आला होता, तो ज्याने टाकला त्यालाच ती वाचता येते. काकांच्या मशीनवर तो नव्हता. त्यामुळे एक्सपीला कार्ड दिसलं, त्यावर काहीतरी लिहिलेलं दिसलं, लिपी कळली नाही, आणि तिने चौकट उघडली.

कार्ड मी घरी आणलं, त्यावर काही लिहिलं जाऊ नये म्हणून बाजूची छोटी पट्टी ‘लॉक’कडे सरकवली आणि माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपला लावलं. अशा कामाला मी लिनक्स हीच ऑपरेटिंग सिस्टिम वापरते, कारण ती काय दिसतंय ते सरळ सांगते. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये कार्डाचं आकारमान आलं, ५९ जीबीच्या थोडं वर. चौसष्टचं कार्ड एकोणसाठ का दाखवतं, हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. कार्ड बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि बऱ्याच ऑपरेटिंग सिस्टिम १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक, चोरी नाही. तेव्हा आकारमान बरोबर आलं म्हणजे कार्डाचा कारभार बघणारी आतली चिप, कंट्रोलर, जिवंत आहे आणि खरं बोलतोय. पुढच्या ओळीत एक्सफॅट ओळखली गेली. लिनक्समध्येही ही सोय पहिल्यापासून नव्हती. मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचे तपशील २०१९ मध्ये खुले केले, आणि २०२० मध्ये आलेल्या ५.७ कर्नलपासून सॅमसंगने लिहिलेला चांगला ड्रायव्हर आतच मिळू लागला. त्याआधीच्या लिनक्सवर कार्ड लावून ‘लिनक्सलाही वाचता येत नाही’ म्हणणाऱ्यांना वेगळं पॅकेज टाकावं लागायचं, हे सांगायला कुणी नसायचं.

फाइली उघडायच्या आधी मी पूर्ण कार्डाची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून घेतली, ठोकळ्यामागून ठोकळा, डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरून. एकही ठोकळा अडला नाही. मग प्रतिमेवरून डीसीआयएम, म्हणजे कॅमेरा फोटो ठेवतो ते फोल्डर उघडलं आणि फोटो आले. फ्लेमिंगो तर होतेच, शिवाय चित्रबलाक, कुरव, भरतीच्या पाण्यावर उडणारे थवे. आणि मध्येच, घराच्या खिडकीतल्या तुळशीचे पाच-सहा फोटो, बहुधा कॅमेऱ्याचं सेटिंग बघायला काढलेले. काकूंनी पक्षी पटापट पुढे सरकवले आणि तुळशीपाशी थांबल्या. ‘ही मागच्या मातीतली आहे,’ म्हणाल्या, ‘कुंडी बदलायच्या आधीची.’

एका कार्डाने ‘मी गेलो’ असं न म्हणताही घरच्यांनी त्याला गेलेलं ठरवलं होतं. मला राग येतो तो या घाईचा.

म्हणून माझ्याकडे कार्ड घेऊन येणाऱ्याला मी पहिल्यांदा विचारते, लावल्यावर नेमकं काय दिसतं? ड्राइव्हच दिसत नाही, की दिसतो पण रिकामा, की फॉरमॅट मागतो, की फाइली दिसतात पण उघडत नाहीत? हे चार वेगळे आजार आहेत. ड्राइव्ह दिसत नसेल तर दोष रीडर, अॅडॅप्टर, संपर्कपट्ट्या किंवा ड्रायव्हरमध्ये शोधायचा. विंडोजवर डिस्क मॅनेजमेंट उघडून बघायचं, कारण कधी कार्ड नीट ओळखलेलं असतं, पण त्याला ड्राइव्हचं अक्षरच मिळालेलं नसतं. ऑफिसमध्ये नेटवर्क ड्राइव्हने ते अक्षर आधीच अडवलेलं असतं तेव्हा हे हमखास होतं. अक्षर बदलून दिलं की झालं. तिथे ‘रॉ’ असं दिसलं तर फाइल सिस्टिम कळत नाहीये. आणि फाइली दिसूनही उघडत नसतील तर आधी त्या फाइलींचा प्रकार बघायचा. कॅमेऱ्याच्या रॉ फोटोंचं (हा ‘रॉ’ वेगळा, कच्च्या स्वरूपातला फोटो) चित्र जुनी विंडोज दाखवत नाही, आणि धडधाकट फोटोंना माणसं खराब समजतात.

फोनमधलं छोटं मायक्रोएसडी असेल तर मी आधी अॅडॅप्टर, म्हणजे ते मोठ्या खाचेत बसवायचं खोकं, बदलते. फुकट मिळालेल्या अॅडॅप्टरमधल्या पट्ट्या लवकर ढिल्या पडतात आणि कार्ड मधूनच दिसतं, मधूनच नाही. आपल्याकडे पावसाळ्यात यात दमट हवेची भर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझ्याकडे येणाऱ्या कार्डांच्या सोनेरी पट्ट्यांवर बरेचदा एक मंद काळसर थर असतो. पुष्कळ जण खोडरबर घासायला सांगतात, मला ते पटत नाही, वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, तंतू न सोडणारं कापड, हलका हात, आणि मग पूर्ण वाळेपर्यंत थांबणं. ओठांनी फुंकर मारू नये, तोंडातली वाफ जाते.

त्या ‘लॉक’च्या पट्टीबद्दलही सांगते. ती कार्डाच्या आत कशालाच जोडलेली नसते, नुसता प्लास्टिकचा तुकडा. तिची जागा खाचेतली एक कळ बघते आणि लिहायचं की नाही ते रीडर ठरवतो. म्हणून ‘कार्ड राइट प्रोटेक्टेड आहे’ असं आलं आणि पट्टी बरोबर बाजूला असली तर दुसरा रीडर लावून बघावा, खाचेतली कळच अडकलेली असू शकते. पट्टी तुटून पडली असेल तर बहुतेक रीडर कार्ड लॉक आहे असंच समजतात, तिथे बारीक सेलोटेप चिकटवली तरी चालतं. पण कधीकधी कार्ड स्वतःहून लिहिणं बंद करतं. फाइली पुसल्या, पुसल्या गेल्याही, आणि कार्ड काढून पुन्हा लावलं की सगळ्या जागच्या जागी. फॉरमॅट केलं, झालं म्हणाला, पुन्हा लावलं तर फोटो तसेच. याला लोक भूतबाधा समजतात. प्रत्यक्षात आतल्या पेशी थकल्यावर कंट्रोलरने लिहिण्याचं दार कायमचं लावलेलं असतं, वाचण्याचं उघडं ठेवून. हा उपकारच आहे. शांतपणे सगळं उतरवून घ्यावं आणि कार्ड बाजूला ठेवून द्यावं.

या पेशींची कल्पना मला फार मोठी वाटते. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी फ्लॅश मेमरी १९८४ मध्ये जगापुढे मांडली आणि १९८७ मध्ये तिचा नँड हा प्रकार, जो आज प्रत्येक कार्डात आहे. विजेचा सूक्ष्म साठा एका बंदिस्त जागेत अडकवून ठेवायचा आणि त्यावरून एक की शून्य ते ओळखायचं. वीज नसताना तो साठा वर्षानुवर्षं टिकतो, पण कायमचा नाही, हळूहळू झिरपतो. शिवाय नँडमध्ये एकेक बाइट पुसता येत नाही, पूर्ण ठोकळा पुसावा लागतो, म्हणून प्रत्येक कार्डात एक छोटा कंट्रोलर बसवलेला असतो. कुठे काय लिहिलं, कुठली जागा दमली, काय कुठे हलवायचं, हे सगळं तो बघतो. नखाएवढ्या मायक्रोएसडीतही तो असतो. आपण कार्ड घाईने ओढून काढतो तेव्हा त्याचं काम अर्धवट राहिलेलं असू शकतं. विंडोज १० ने २०१८ मधल्या अपडेटपासून कार्ड लगेच काढता यावं अशी सोय केली, पण फाइल उतरत असताना ओढलंत तर ती सोय काही करू शकत नाही. एक्सफॅटच्या बाबतीत तर जास्तच सांभाळावं. फॅट३२ मध्ये नोंदींच्या तक्त्याच्या सहसा दोन प्रती असतात, एक्सफॅटमध्ये बहुतेक वेळा एकच, आणि अर्धवट काम पूर्ववत करणारी जर्नलची सोय दोन्हीत नाही.

आणि ज्यांनी घाबरून ते पहिलं बटण दाबलंच, त्यांच्यासाठी. क्विक फॉरमॅट म्हणजे आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, १८९३ पासूनच्या त्या संस्थेत, कुणी रात्रीतून नोंदवह्या कोऱ्या करून ठेवल्या तर जे होईल ते. पुस्तकं कपाटात तशीच असतात, कुठलं कुठे ते सांगणारं कुणी उरत नाही. एकेक पुस्तक काढून, पान उघडून, हे काय आहे ते बघत गेलं तर संग्रह पुन्हा उभा राहतो. फोटोरेक हा प्रोग्रॅम हेच करतो. फोटोच्या सुरुवातीच्या ठरावीक खुणा शोधत तो कार्ड पहिल्या ठोकळ्यापासून वाचत जातो. नावं, फोल्डर परत मिळत नाहीत, पण चित्रं मिळतात. त्याचाच जोडीदार टेस्टडिस्क विभाजनांचा, म्हणजे कार्डावरच्या जागेच्या वाटण्यांचा, तक्ता सावरतो. दोन्ही मोफत आहेत. अट एकच, दरम्यान त्या कार्डावर काहीही नवं लिहिलेलं नसावं. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट मात्र सगळीकडे शून्यं भरतं. तिथे हात टेकावे लागतात. आणि विंडोजची डिस्क तपासायची सोय, चेकडिस्क, चालवायची घाई करू नका. ती दुरुस्ती करताना कार्डावरच लिहिते. आधी प्रतिमा, मग काय ते प्रयोग प्रतिमेच्या प्रतीवर.

खोट्या क्षमतेची कार्डं हा माझ्या जिव्हारी लागणारा विषय आहे. स्टेशनबाहेर, कधी ऑनलाइन, काहीशे रुपयांत ५१२ जीबी. आत प्रत्यक्षात आठ किंवा सोळा, आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं. ऑपरेटिंग सिस्टिमकडे त्याच्यावर विश्वास ठेवण्याखेरीज मार्ग नसतो. गेल्या मे महिन्यात एका मुंजीचं पूर्ण शूटिंग असं गेलं. ग्रहमख, मातृभोजन व्यवस्थित, आणि त्यानंतरच्या सगळ्या फाइलींची नावं आहेत, आकार आहे, आत काही नाही. मुलाच्या आजीला ते समजावून सांगणं मला फार जड गेलं, कारण हे कार्ड खरोखर बिघडलेलं नव्हतं, ते फसवायलाच बनवलेलं होतं. नवं कार्ड घेतलं की पहिल्याच दिवशी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री चालवावं. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतं. वेळ लागतो, रात्रभर लावून ठेवावं. समारंभाच्या दिवशी कळण्यापेक्षा ते बरं.

जे खरोखर परत आणता आलं नाही अशातलं एक सांगते. आमच्या नाक्यावरच्या स्टँडवरच्या एका रिक्षावाल्या दादांचा फोन पाण्यात गेला. बोर्ड जळला, दुरुस्त होणार नाही म्हणून सांगितलं होतं. दादा फोनमधलं कार्ड घेऊन आले, चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता. ‘ताई, फोन गेला तर गेला, फोटो सगळे कार्डात आहेत.’ मी कार्ड लावलं. विंडोजने तीच चौकट उघडली. लिनक्सवर बघितलं तर एक छोटं विभाजन आणि एक मोठं, आणि मोठ्याच्या आत नुसता गोंधळ, कुठलीच ओळखीची खूण नाही. मला कळलं.

अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, बऱ्याच फोनमध्ये कार्ड घातल्यावर दोन पर्याय येतात. पोर्टेबल, म्हणजे काढून दुसरीकडे लावता येणारं, म्हणून वापरायचं की फोनची अंतर्गत साठवण म्हणून. जागा कमी असलेल्या फोनचा माणूस साहजिकच दुसरा निवडतो, सगळं मोकळं मोकळं होतं. पण त्या क्षणी फोन ते कार्ड नव्याने फॉरमॅट करतो आणि त्यावरचं सगळं कूटबद्ध करतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं. किल्ली कार्डात नसते, फोनच्या आत असते. फोन चालू होता तोवर काहीच अडलं नाही. फोन गेला, किल्ली गेली. कार्ड ठणठणीत आहे, रीडर चांगला आहे, प्रत्येक ठोकळा वाचता येतो, आणि तरी एकही फोटो नाही. फोटोरेकने काही उपयोग होत नाही, कारण शोधायच्या खुणाच आत दिसत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने ही रचना बरोबर आहे, चोरलेल्या कार्डातून कुणाचं खासगी आयुष्य बाहेर पडू नये. पण त्या पडद्यावर एक ओळ हवी होती, ठळक, मराठीत सुद्धा: हा फोन बिघडला तर हे कार्ड दुसरीकडे कुठेही वाचता येणार नाही.

दादांनी दोनदा विचारलं, मोठ्या ठिकाणी नेलं तर? मी खरं ते सांगितलं. आशा एकच आहे, तो बोर्ड कुणी जिवंत करू शकलं तर. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका, कुणी आगाऊ पैसे मागून हमी देत असेल तर देऊ नका. मूळ फोन फेकू नका आणि कार्ड फॉरमॅट करू नका, दोन्ही एकत्र ठेवा. नौपाड्यात चिप लेव्हलची कामं करणाऱ्या एका कारागिराकडे त्यांना पाठवलं. त्याने बोर्ड उघडून बघितला आणि हात जोडले. त्यातल्या त्यात बरं म्हणजे बरेच फोटो दादांच्या बहिणीला व्हॉट्सअॅपवर पाठवलेले होते, तिच्या फोनमधून उतरवून घेतले. आकाराने बारीक, पण आहेत.

नवा फोन घेतल्यावर दादा कार्डासकट माझ्याकडे आले. आधी कार्ड रात्रभर तपासलं, मग फोनमध्ये घालून पोर्टेबल पर्याय निवडला आणि कॅमेऱ्याचे फोटो कार्डावर जातील असं ठेवलं. महिन्यातून एकदा ते उतरवून घ्यायचे कसे, ते त्यांच्या मुलीला दाखवलं, ती नववीत आहे आणि एकदा बघून पाठ झालं तिला. तिनेच विचारलं की स्टँडवरच्या बाकीच्या काकांच्या फोनमध्ये कुठला पर्याय निवडलेला आहे ते कसं कळणार. सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून बघायचं, अंतर्गत केलेलं असेल तर फोन चालू आहे तोवर सगळं आधी बाहेर काढायचं, मग बदलायचं. येत्या रविवारी सकाळी ती तिघांना घेऊन येणार आहे, मी दोन रिकाम्या हार्ड डिस्क काढून ठेवल्यात.